आत्याचे पाय आणि तांबडा दिवा

पहाटे साडेपाचला संकठा घाटाच्या पायऱ्या उतरताना माझी आत्या पायांत मोजे घालते. जाड, पांढरे, सुती मोजे आणि त्यावर मऊ तळाचे कॅनव्हासचे बूट. गंगेवर अनवाणी जायचं असतं हे तिला कुणी शिकवायला नको. गेली ४५ वर्षं ती याच पायऱ्या उतरते आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं अनवाणीच उतरली आहे. आता मात्र एका हाताने काकांचा खांदा धरून, एकेक पायरी डोळ्यांनी बघत ती खाली येते. खालच्या पायरीवर बसते. पाण्यात उतरत नाही, लोट्यानेच अंगावर पाणी घेते. मग पंचाने पाय कोरडे करते, बोटांच्या बेचक्यांतून पंचाचं टोक फिरवते. एक, दोन, तीन... नऊ बोटं पुसून झाली की मोजे चढवते.

दहावं बोट गेलं, त्यात माझाही हात आहे. तेच आज सांगायला बसलो आहे.

काशीयात्रा करून आलेल्या वाचकांना हा भाग आठवत असेल. मणिकर्णिकेच्या पुढे ते तिरकं झुकलेलं रत्नेश्वराचं देऊळ लागतं, मग ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा घाट, त्याच्या पलीकडे संकठा घाट. आणखी थोडं पुढे गेलं की नागपूरकर भोसल्यांचा घाट. मराठी माणसाला इथे परकं वाटतच नाही. संकठा देवीचं देऊळ वर गल्लीत आहे. शुक्रवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. संकट निवारणारी ती संकठा, एवढा साधा हिशेब. आत्याचं सासरचं घर या देवळापासून चार वळणांवर. काशीतली जुनी मराठी घरं असतात तसंच: उंच, अरुंद, मधे चौक आणि जिन्याची प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची. घरात मराठी बोलतात, पण भाजीवाल्याच्या हिंदीची फोडणी घालून.

आत्याला मधुमेह पन्नाशीच्या आतच जडला. आपल्या देशात हे काही नवल नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जातंतू झिजू लागतात. सर्वांत लांबचे तंतू आधी झिजतात आणि कमरेपासून पावलांपर्यंत जाणाऱ्या तंतूंइतके लांब दुसरे नाहीत. म्हणून हे दुखणं तळपायांतून सुरू होतं.

या दुखण्याचा कावा मला समजायला फार उशीर झाला. आत्याच्या पायांना खडा टोचलेला कळत नव्हता, चप्पल निसटलेली कळत नव्हती. आणि त्याच पायांची रात्री अशी आग व्हायची, की ती मध्यरात्री उठून ओल्या फरशीवर उभी राहायची! मी वर्षातून एकदा जायचो. मला वाटायचं, आग होते म्हणजे पाय चांगले जागे आहेत. ते तसं नसतं. झिजलेली तार खरी बातमी पोचवत नाही आणि खोट्या बातम्या मात्र रात्रभर ठोकत राहते. खरा विस्तव पायाला लागला तर ती गप्प असते.

आता माझा पराक्रम.

२०१७ साल. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नोकरीला लागल्याला फार दिवस झाले नव्हते. आमच्या अंकात विज्ञानाचा एक छोटा रकाना असे, तो माझ्याकडे होता. परदेशी नियतकालिकांतल्या बातम्या चाळायच्या आणि शंभर-सव्वाशे शब्दांत मराठीत आणायच्या. त्यात एक बातमी होती: इन्फ्रारेड, म्हणजे आपण ज्याला अवरक्त म्हणतो त्या प्रकाशाने मज्जातंतूंचं काम तात्पुरतं थांबवता येतं आणि वेदना वाहून नेणारे बारीक तंतू तेवढे निवडून गप्प करता येतात. मला आत्याचे पाय आठवले, हे खरं. मी मोठ्या हौसेने मथळा दिला: ‘दुखऱ्या नसा शांत करणारा प्रकाश!’ उद्गारचिन्हही माझंच. ऐन वेळी जाहिरात आली, रकाना कापावा लागला. शेवटची दोन वाक्यं मीच काढली. प्रयोग कोणावर झाला आणि कसा झाला, हे त्या दोन वाक्यांत होतं.

आत्याला आमचा अंक टपालाने जातो. माझं नाव दिसलं की ती कात्रण काढून देवघराच्या खणात ठेवते. तेही कात्रण तिने काढलं, आणि तिचा फोन आला. “अरे, तुझ्या त्या प्रकाशाचं मशीन इकडे मिळेल का?”

मी काय करावं? मुंबईत एका दुकानात तांबड्या काचेचा, १५० वॅटचा, शेक घ्यायचा दिवा पाहिला होता. कंबरदुखीवर, मानेवर फिजिओथेरपीत वापरतात तो. खोक्यावर ठसठशीत ‘इन्फ्रारेड’ लिहिलेलं. नाव तेच, म्हणजे वस्तूही तीच, इतकं माझं विज्ञान! मी तो विकत घेतला आणि पार्सल केला. आतली सूचनांची घडी इंग्रजीत होती. बधिर त्वचेवर वापरू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. हे मला कळलं, पण नंतर. पाठवताना मी ती घडी उलगडलीही नव्हती.

काशीची जानेवारीतली थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको. धुकं दुपारपर्यंत हटत नाही, दगडी घरं बर्फासारखी गार पडतात. अशा दिवसांत दिवा पोचला. पहिले काही दिवस आत्या खूश होती. ऊब मिळत होती, पाय मोकळे वाटत होते. पायाला काही कळेना म्हणून तिने दिवा थोडा जवळ घेतला, मग आणखी थोडा. एके दिवशी तशीच पोथी वाचत बसली आणि तिचा डोळा लागला.

मी फोन केला तेव्हा म्हणाली, “काही नाही रे, जरासं लाल झालंय.” दुखत होतं का? नाही. दुखत नाही म्हणजे काही झालं नाही, असं तिनेही धरलं आणि मीही. चार दिवसांनी काकांना फरशीवर ओल्या पावलाचा ठसा दिसला. चौक तर कोरडा होता. त्यांनी मोजा उतरवला तो कातडीसकट निघाला. करंगळीजवळची जखम चिघळली होती. काट्याचा नायटा म्हणतात तसं झालं. दोन महिने मलमपट्टी चालली, सुया झाल्या, आणि शेवटी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली.

मी पोचलो तेव्हा आत्या पलंगावर पाय वर करून बसली होती. मला वाटलं होतं, ती रागावेल. ती म्हणाली, “जेवलास का?”

त्या दिवसांत तिथल्या डॉक्टरांनी मला एक चाचणी दाखवली. नायलॉनचा एक धागा असतो, माशांच्या गळाचा असतो तसा. तळपायाला टेकवून दाबला की १० ग्रॅम जोराला तो वाकतो. चांगल्या पायाला तो स्पर्श कळतो. डॉक्टर आत्याला म्हणाले, “डोळे मिटा. लागलं की ‘हो’ म्हणा.” अंगठ्याखाली टेकवला. आत्या गप्प. चवड्यावर टेकवला. गप्प. टाच, कड, परत अंगठा. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. डोळे मिटूनच आत्याने विचारलं, “सुरू केलंत का?”

ते ऐकलं आणि मी ती कापलेली दोन वाक्यं शोधायला लागलो.

तर तो प्रकाश खराच आहे. गोष्ट सुरू होते १८०० साली. विल्यम हर्शेल यांनी काचेच्या लोलकातून ऊन फाकवलं आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. हाच अवरक्त प्रकाश. टीव्हीच्या रिमोटमध्ये तो असतो, चुलीच्या धगीत असतो आणि उन्हाने तापलेल्या घाटाच्या पायरीतूनही निघतो. पण या प्रकाशाच्या लहरींची लांबी वेगवेगळी असते आणि सगळी मेख तिथेच आहे.

मज्जातंतूला जागं करायचं तर वीज लावायची, ही रीत गॅल्वानीच्या बेडकांपासून चालत आली आहे. पण वीज पसरते. शेजारच्या चार तंतूंनाही ती उठवते. २००५ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातून एक निबंध आला. जोनाथन वेल्स, ड्युको जॅन्सन, अनिता महादेवन-जॅन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी उंदराच्या मांडीतल्या मोठ्या नसेवर अवरक्त लेझरचा क्षणभराचा ठिपका टाकला, आणि नसेला काहीही न टेकवता पायाचे स्नायू हलले. ठिपका जिथे पडला तेवढेच तंतू उठले. यातल्या महादेवन-जॅन्सन बाई मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेला गेलेल्या. पुढे २०२२ साली त्या प्रकाशविज्ञानाच्या ‘एसपीआयई’ या जागतिक संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. आपल्या विद्यापीठाचं नाव वाचून मला बरं वाटलं. त्या दिवसांत तेवढंच एक बरं वाटलं होतं.

प्रकाशाने तंतू जागा कसा होतो? या ठराविक लहरी पाणी झटकन शोषून घेतं आणि आपलं शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास तिथलं पाणी चटकन किंचित तापतं. या अचानक बदलाने पेशीच्या पातळ आवरणाची विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता बदलते आणि संदेश सुटतो, असं २०१२ साली शिकागोच्या बाजूच्या संशोधकांनी दाखवलं. ऊब किती यापेक्षा ती किती झटक्यात आली, याला इथे महत्त्व आहे. दुधाला हळूहळू उकळी आणणं आणि तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकणं, यात जेवढा फरक तेवढा.

आणि तोच प्रकाश तंतूला गप्पही करतो. ऊब थोडा वेळ टिकवून धरली की आवरणातली विजेची दारं गरजेपेक्षा लवकर उघडझाप करू लागतात आणि संदेश मधेच विझतो. प्रकाश बंद केला की वाहतूक पुन्हा सुरू. हे २०१३ साली समुद्री गोगलगायीच्या नसेवर दाखवलं गेलं. मी ज्याची बातमी केली तो २०१७ सालचा निबंध क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न विद्यापीठातला. त्यांनी समुद्री गोगलगायीबरोबर आणखी एका प्राण्याची नस घेतली होती: चिचुंद्री. होय, आपल्या मोरीत फिरते तीच! मी काढून टाकलेल्या वाक्यांत हीच चिचुंद्री होती. ती छापली गेली असती तर आत्याने दिव्यासाठी फोन केलाच नसता.

त्या निबंधातली खरी कमाल अशी. आपल्या नसेत जाड आणि बारीक असे दोन्ही तंतू शेजारी शेजारी असतात. जाड तंतूंतून स्पर्शाची नि हालचालींची बातमी सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून वेगाने धावते. बारीक तंतूंतून ठसठस, जळजळ सेकंदाला मीटर-दोन मीटर अशी रांगत जाते. विजेने डिवचलं तर जाड तंतू आधी उठतात. प्रकाशाने मात्र बारीक तंतू आधी निजतात, जाड जागेच राहतात. म्हणजे पाय हलेल, जमीन कळेल, फक्त आग कळणार नाही. ज्यांच्या घरात असा रात्र-रात्र तळमळणारा माणूस आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

पण त्या लहरी पाणी इतक्या चटकन शोषतं की त्या अर्ध्या-एक मिलिमीटरपलीकडे पोचतच नाहीत. कातडीवरून टाकलेला तो प्रकाश नसेपर्यंत जाऊच शकत नाही. नस उघडी करावी लागते, केसाएवढ्या तंतूकाचेतून प्रकाश तिच्यावर नेमका सोडावा लागतो. माणसांवर हे झालं आहे, २०१५ साली तो निबंध आला: पाय आखडलेल्या रुग्णांच्या पाठीतल्या काही मज्जामुळ्या शस्त्रक्रियेत कापायच्याच असतात, त्या कापण्याआधी त्यांच्यावर हा ठिपका टाकून पाहिला आणि स्नायूंनी साद दिली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर, मोजूनमापून. आत्याच्या दिव्याचा याच्याशी संबंध फक्त नावापुरता. तो दिवा कातडी आणि तिच्याखालचा थोडा भाग ऊबवतो, रक्त खेळवतो. मोचलेल्या मानेला तेवढं पुरतं. झिजलेल्या तंतूचं त्याने काही होत नाही.

मधुमेहाच्या पायांसाठी खास अवरक्त दिव्यांच्या पट्ट्याही बाजारात आल्या होत्या. अमेरिकेत त्यांची नीट परीक्षा झाली. निम्म्या लोकांना खरी पट्टी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. ६९ रुग्ण, ९० दिवस, रोज घरी ४० मिनिटं. २००८ साली निकाल आला: खऱ्या-खोट्यात काही फरक नाही. त्याआधीच, २००६ साली, तिथल्या सरकारी आरोग्यविम्याने या उपचाराचे पैसे देणं बंद केलं होतं. मी रकाना लिहिला तेव्हा ही माहिती अनेक वर्षं छापील पडून होती. मला कुणीतरी फसवलं असं म्हणायचीही सोय नाही.

यंदा गेलो तेव्हा हे सगळं आत्याला सांगितलं. संध्याकाळी घाटावरच बसलो होतो, वरच्या पायरीवर, बुडाखाली सतरंजी घालून. समोरून नावा जात होत्या, मणिकर्णिकेचा धूर वाऱ्याने आमच्याकडे येत होता. चिचुंद्रीचं ऐकून ती पोट धरून हसली. मग जरा वेळाने म्हणाली, “म्हणजे आहे ते खरं. फक्त माझ्या पायापर्यंत नाही आलेलं.”

“नाही आलेलं.”

“येईल का, मी आहे तोवर?”

पूर्वीचा मी असतो तर मथळा दिला असता. मी म्हणालो, “माहीत नाही, आत्या. अजून प्रयोगशाळेतच आहे. आणि आलं तरी ते रात्रीची आग थांबवेल. खडा टोचलेला कळणं त्यातून परत येणार नाही.”

ती काही बोलली नाही. पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आग थांबली तरी चालेल मला. खडा मी डोळ्यांनी बघते.”

खरंच बघते. तिचा दिनक्रम मी लिहून घेतला, कारण मला जे सुचलं नाही ते ती करते. अंघोळीचं पाणी काकांनी कोपर बुडवून पाहिल्याशिवाय पाय घालत नाही, कारण पायाला ते कढत आहे की कोमट, ते कळत नाही. गरम पाण्याची पिशवी घरातून हद्दपार. बूट घालण्याआधी उलटा करून झाडते, आत हात फिरवते. एकदा त्यात जपमाळेचा मणी निघाला! घरातही अनवाणी फिरत नाही. आणि रात्री निजण्याआधी तळपाय आरशात बघते. आरसा जमिनीवर ठेवायचा, त्यावर पाय धरायचा. तिला वाकवत नाही त्या दिवशी काका बघतात. साखर आटोक्यात आहे, रात्रीच्या जळजळीवर डॉक्टरांनी गोळी दिली आहे, तिने निम्मं काम होतं. निम्मं उरतं.

तांबडा दिवा कुठे आहे, असं मी भीतभीत विचारलं. काकांनी माळ्याकडे बोट केलं. फेकून का नाही दिला? काका म्हणाले, “कोणी उचलून नेला आणि आपल्या आईला लावला तर?” त्यांनी त्याची वायरच कापून टाकली होती.

देवीच्या दर्शनाचा प्रश्न मात्र मोठा होता. देवळात बूट चालत नाहीत आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा इथला दगड तव्यासारखा तापतो. ज्यांना कळतं ते उड्या मारत जातात. आत्या तशीच सावकाश चालत गेली असती. तिच्या डॉक्टरांनी मोजे सुचवले. पुजाऱ्यांना तिने स्वतः जाऊन विचारलं, नवे धुतलेले सुती मोजे चालतील का? ते म्हणाले, “माई, देवी पाय नहीं देखती.” तेव्हापासून देवळासाठी मोज्यांचा एक जोड वेगळा, सोवळ्याच्या कपड्यांबरोबर वाळत घातलेला असतो.

निघायच्या आदल्या रात्री हा लेख मी तिला वाचून दाखवला. मथळा ऐकून म्हणाली, “उद्गारचिन्ह नाही ना?” नाही म्हटलं. चिचुंद्री ठेवलीस ना? ठेवली. मग चष्मा पुसत म्हणाली, “एक राहिलंय. लिही, की उन्हाळ्यात देवळात जायचं तर सूर्य वर यायच्या आत. सात वाजले की पायरी तापायला लागते. मला कळत नाही, पण काका सांगतात.”

काकांनी मान हलवली आणि आरसा जमिनीवर ठेवला.